साकुमाची बाजू

रविवार, रात्री उशिरा

पावसाने बालेवाडीचा बेत बारगळला, म्हणून भाचीला घेऊन ‘पिंग पाँग’ लावला. 2002 चा जपानी सिनेमा, ताइयो मात्सुमोतोच्या मांगावरून, म्हणजे जपानी चित्रकथेवरून केलेला. भाची तेरा वर्षांची, टेबल टेनिस खेळते, त्यामुळे गोष्टीआधी तिचं लक्ष बॅटकडे. “मावशी, पेकोची ग्रिप बघ, पेनहोल्ड आहे, पेन धरल्यासारखी. आणि स्माइल नुसता मागे राहून चॉप करतोय, बॉल खालून कापत परत टाकतोय.”

पेको आणि स्माइल लहानपणापासूनचे दोस्त. पेको बडबड्या, आळशी, स्वतःवर बेहद्द खूश. स्माइल हसतच नाही, म्हणून त्याचं नाव स्माइल. हात सोन्याचा, पण जिंकायची भूकच नाही. समोरचा रडकुंडीला आला की हा मुद्दाम पॉइंट सोडतो.

माझ्या डोक्यात मात्र साकुमाच बसलाय. तोही यांच्याच टोळीतला. नावाजलेल्या शाळेच्या संघात जातो, मरमर मेहनत करतो, पेकोला हरवतो, आणि मग नियम मोडून थेट स्माइलच्या शाळेत जाऊन त्याला खेळायला लावतो. हरतो. एवढा घाम गाळूनही मीच का हरतो, म्हणून ओरडतो. स्माइल शांतपणे सांगतो: तुझ्यात ती प्रतिभा नाही, म्हणून.

मी चपापलेच. आपल्याकडे असं तोंडावर कोण बोलतं? सुट्टीतलं शिबिर संपताना प्रत्येक पालकाला “पोटेन्शियल आहे, रेग्युलर ठेवा” एवढंच ऐकू येतं आणि पुढच्या तिमाहीची फी भरली जाते. भाची चिवडा खात म्हणाली, “खरंच बोलला की.”

तिची जिवलग मैत्रीण यंदा जिल्ह्याच्या संघात निवडली गेली, ही नाही. तरी दोघी सरावाला एकाच रिक्षाने जातात. वाईट नाही वाटलं, असं विचारलं तर म्हणे, “वाटलं ना. पण तिचा बॅकहँड बघितलायस का तू?”

पुढे पेको खेळ सोडून भरकटतो, तेव्हा त्याला परत जा म्हणून सांगायला येतो तो साकुमाच. आपल्या सिनेमात याला शेवटच्या वीस मिनिटांत घाम गाळायला लावून, मागे गाणं वाजवून जिंकवलं असतं. इथे तो खेळ सोडतो, हरलेलाच राहतो, आणि मला तोच सगळ्यांत मोठा वाटला. भाचीला हे अजिबात पटलं नाही. “मोठा काय? हरला म्हणून खेळायचं कशाला थांबायचं?”

पुढच्या रविवारी मैत्रिणीला दाखवायचाय म्हणते. म्हटलं दाखव, पण साकुमा शाळेत येऊन थडकला की तुम्ही दोघीच बघा, मी चहा टाकायला जाते.