रोज एक लीळा : एकसष्टीची नोंद

27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाच्या भाषणांनी अंगात आल्यासारखं झालं होतं तेव्हा, मी जाहीर केलं होतं की रोज लीळाचरित्रातली एक लीळा, म्हणजे चक्रधरस्वामींची एक आठवण, वाचणार, शंभर दिवसांत शंभर. हिशेबाने जूनच्या पहिल्या आठवड्यात शतक व्हायला हवं होतं. आज जून अर्धा सरला आणि वहीत आकडा आहे 61. एकसष्टी झाली म्हणून शाल-श्रीफळ घेऊन गप्प बसावं, तर मधल्या काळात सांगण्यासारखं बरंच झालंय.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. मी नागपूरची, मराठी एम.ए.चं पहिलं वर्ष. वर्गात लीळाचरित्राचं, म्हणजे महानुभाव पंथाच्या त्या जुन्या गद्यग्रंथाचं, एकांक (पहिला भाग) लावलंय. वर्गातलं वाचन म्हणजे सर एक परिच्छेद वाचतात, अर्थ सांगतात, आपण समासात पेन्सिलीने लिहितो. छंद म्हणून मी करते ते वेगळं. वहीत तीन रकाने आखलेत. पहिल्यात मूळ ओळी हाताने उतरवायच्या, दुसऱ्यात मला लागलेला अर्थ, तिसऱ्यात आजीचा. तिसरा रकाना आधी नव्हता, नंतर आला. आजी काटोलकडची, आता नागपुरात महाल भागात आमच्याकडेच असते, आणि दुपारी झोप येत नाही म्हणून माझ्याजवळ येऊन बसते.

आता मोठी बातमी : वही गेली.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात, पारा 45 च्या वर असताना, मी वही कूलरच्या स्टुलाखाली ठेवून झोपले. रात्री टाकीची तोटी सैल झाली. सकाळी उठून पाहते तर वीसेक पानं निळ्या शाईचा नुसता चिखल. जेल पेनने लिहू नका, हा पहिला धडा. सहाव्या लीळेपासून एकविसाव्यापर्यंत सगळं साफ. मूळ ओळी पुन्हा उतरवता येतात, झेरॉक्स होती. पण माझे आणि आजीचे रकाने कुठून आणणार? दोन दिवस मी घरात कोणाशी बोलले नाही.

मग लक्षात आलं की हे तर त्या ग्रंथाच्याच घरचं दुखणं आहे. म्हाइंभटांनी गावोगाव फिरून, ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांना पुसून पुसून लीळा जमवल्या. तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. ती मूळ पोथी पुढे धाडीत गेली आणि मग ज्यांच्या ज्यांच्या तोंडी होती त्यांच्या आठवणीतून ती पुन्हा उभी राहिली. त्यात हिराइसेचं नाव मोठं, तिची स्मरणशक्ती अशी की तिच्या पाठाला तिचंच नाव आहे. म्हणून तर एकाच लीळेचे दोन-दोन पाठ मिळतात. वि. भि. कोलत्यांनी संपादित केलेली प्रत उघडली की दिसतं, एकाला असं आठवतं, दुसऱ्याला तसं, आणि ग्रंथ दोन्ही ठेवून घेतो. अशा वेगळ्या आठवणीला तिथे शब्द आहे ‘वासना’. परीक्षेसाठी मी तो पाठ केला होता. कूलरने तो मला शिकवला.

तर मी बसले आणि आजीला पुसलं. शेजारच्या मैत्रिणीलाही पुसलं, ती मार्च-एप्रिलमध्ये बरेचदा ऐकायला यायची. आणि झाली ना पंचाईत. सशाच्या लीळेवर आजी काय म्हणाली होती, हे दोघींना वेगवेगळं आठवतं.

ती लीळा तुम्हाला ठाऊक असणारच, बऱ्याच जणांनी शाळेत वाचलेली असते. गोसावी, म्हणजे चक्रधर, झाडाखाली बसलेत. पारध्यांनी ससा सोडला, मागे कुत्री सोडली. ससा पळत येऊन गोसाव्यांच्या गुडघ्याखाली शिरला. पारधी येऊन विनवतात, ससा सोडा जी, हा होडेचा ससा आहे. त्यावर उत्तर येतं, ‘एथ शरण आलेया काइ मरण असे?’ पारधी जातात. मग गोसावी गुडघा उचलतात आणि सशाला ‘महात्मे’ म्हणून आता जा म्हणतात.

‘होडेचा’ या शब्दापाशी मी मार्चमध्ये अर्धा तास घालवला होता. शब्दकोश काढला, टीप पाहिली, तिथे ‘पैजेचा’. आजीला वाचून दाखवलं तर ती शेंगा सोलता सोलता म्हणाली, “होड लावली असन त्याईनं. कोनाचा कुत्रा पयले धरते म्हून.” झालं. मला जे कोशातून काढावं लागलं ते तिच्याकडे तोंडात होतं.

इथवर मैत्रीण आणि आजी एकमत. पुढे फाटा. मैत्रीण शपथेवर सांगते की आजी त्यानंतर म्हणाली होती, “मंग त्या पारध्याईचे पैसे बुडाले असन, त्याईचं कोन पायते?” आजी म्हणते, असं मी कशाला म्हणीन, मी तर म्हटलं होतं की कुत्रे कसे थांबले, ते काई मानसाचं आयकते का? मला दोन्ही आठवत नाही. नव्या वहीत दोन्ही लिहिलं, नावानिशी. आजीला वाचून दाखवलं तर चिडली, “माह्या नावावर काहून टाकलं ते पैशाचं?” मी म्हटलं, आजी, वासना आहे ती. त्या शब्दाने ती आणखीच चिडली. हल्लीच्या मराठीत त्याचा अर्थ काय होतो ते तुम्हाला माहीत आहेच. समजूत घालता घालता नाकी नऊ आले.

या लीळेवर मी सगळ्यात जास्त थांबले, अकरा दिवस. आकडा 61 वर राहण्याचं एक मोठं कारण हेच. ‘एथ’ या शब्दाने धरून ठेवलं. चक्रधर स्वतःला ‘मी’ म्हणत नाहीत, ‘एथ’ म्हणतात. वर्गात हे एका ओळीत सांगून पुढे गेले होते : स्वतःचा उल्लेख ‘एथ’ असा करतात, विनम्रता दिसते. मीही समासात ‘विनम्रता’ लिहून मोकळी झाले. पण मोठ्याने वाचताना ते बसेना. ‘मला शरण आलेल्याला मरण आहे का’ असं म्हटलं तर त्यात एक मोठा माणूस उभा राहतो, छाती काढून. ‘एथ शरण आलेया’ म्हटलं की माणूस बाजूला होतो आणि जागा उरते. आणि सशाच्या बाजूने पाहा, त्याला कुठे माहीत की हे कोण बसलेत? त्याला झाडाखाली एक सावली दिसली आणि तिच्यात एक फट. तो माणसाला शरण गेलाच नाही, जागेला गेला. उत्तरही जागाच देते.

आजीच्या बोलीत ‘इथं’ला ‘अठी’ आहे. तिला मी हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “आमच्या सासूबाई कोनी उधार मांगाले आलं तं ‘मी देत नाई’ नाई म्हनत. ‘अठी नाई भेटत’ म्हनत.” मी पोट धरून हसले, पण तिसऱ्या रकान्यात ते जसंच्या तसं आहे. माझ्या दुसऱ्या रकान्यापेक्षा बरं आहे.

आता अंतर्गत चाचणीचं. प्रश्न नेहमीचा, लीळाचरित्राची गद्यवैशिष्ट्ये. बाजारातल्या गाइडात उत्तर तयार असतं : साधी, सुबोध, प्रासादिक भाषा; छोटी वाक्यं; संवादात्मकता; तत्कालीन समाजजीवनाचं दर्शन. यातलं चुकीचं काही नाही. पण हे चार शब्द कुठल्याही चांगल्या पत्राला लागू पडतील, काकूंच्या व्हॉट्सअॅपलाही. मी ‘एथ’वर दीड पान लिहिलं, ससा घेतला, अठीही घेतलं. पेपर परत आला तेव्हा लाल शाईत एकच शब्द होता, ‘विषयांतर’. 20 पैकी 11. तपासणाऱ्यांना दोष देऊन उपयोग नाही, त्यांच्यापुढे गठ्ठा असतो. पण राग आला तो आलाच. त्या दिवशी लीळा झाली नाही, सीताबर्डीवर जाऊन तर्री पोहा खाल्ला.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते.

सकळ लिपी : सोडून दिली. महानुभावांनी पोथ्या लपवायला केलेल्या त्या सांकेतिक लिप्यांचं मला भारी आकर्षण होतं. किल्ली उतरवून घेतली, आठवडाभर सरावही केला, एकदा किराणा यादीही त्यात लिहिली आणि दुकानात पोहोचल्यावर मलाच वाचता आली नाही. तुमच्यापैकी ज्यांना येते त्यांना दंडवत.

शब्दांची यादी : 140 च्या वर गेली. सुरुवात करणाऱ्यांनी आधी हे चार धरावेत म्हणजे पहिल्या दहा लीळा अडत नाहीत. गोसावी जात नाहीत, ‘बीजें’ करतात. जेवत नाहीत, ‘आरोगणा’ होते. झोपत नाहीत, ‘पहुड’ होतो. मुक्काम म्हणजे ‘अवस्थान’. थोडक्यात, रोजच्या क्रियांना मानाचे कपडे चढवलेत. आजीला ‘पहुड’ फार आवडला. बाबांना आता ती दुपारी ‘पहुड झाला का’ म्हणून पुसते.

महादाइसा : हिच्यावर वेगळी नोंद करणार आहे, म्हणून इथे कमी. चक्रधरांची शिष्या, मराठीची आद्य कवयित्री, धवळे (लग्नगीतं) तिचे. पण मला ती कवयित्रीपेक्षा प्रश्न पुसणारी म्हणून जवळची. चक्रधर तिला ‘म्हातारी चर्चक’ म्हणतात, एथ काही ना काही पुसतच असते म्हणून. आजीला अर्थ सांगितला तर म्हणाली, “म्हंजे चोंबडी म्हना नं.” मी म्हटलं नाही, कौतुक आहे ते. तिला पटलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, “तूबी तशीच.” तेव्हा कौतुकच असावं.

रामटेक : मे अखेरीस घरचे सगळे गडावर गेलो. लहानपणापासून वीसदा गेले असेन, पण या वेळी एक गोष्ट डोक्यात होती. भडोचच्या प्रधानाचा मुलगा हरिपाळदेव घरातून निघतो तो रामटेकच्या यात्रेचं निमित्त सांगून. जुगारात हरलेला, बायकोने दागिने द्यायला नकार दिलेला, मन विटलेलं. वाटेत ऋद्धिपूरला त्याचे गुरू गोविंदप्रभू भेटतात आणि तिथून पुढचा चक्रधर सुरू होतो. म्हणजे आमचं रामटेक या कथेत आहे ते एक निमित्त म्हणून. पायऱ्या चढता चढता, माकडांपासून प्रसाद वाचवत, मी बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, “अर्ध्या नागपूरचं रविवारचं निमित्त आजही रामटेकच आहे.” अगदी बरोबर.

‘गा’ : हे मात्र भराभर सांगून होणार नाही. स्मृतिस्थळ या महानुभाव ग्रंथात चक्रधरांचे शिष्य नागदेवाचार्य यांचा तो प्रसंग आहे, केशवदेव पंडित संस्कृतातून पुसतात आणि आचार्य म्हणतात की तुमचं अस्मात् कस्मात् मी नेणें गा, मला श्रीचक्रधरांनी मऱ्हाटी निरूपिली, तिच्यातलं पुसा. मराठीच्या अभिमानाच्या भाषणांत हे वाक्य हमखास येतं, फेब्रुवारीत मी तीनदा ऐकलं, दर वेळी मुठी आवळून म्हटलेलं. मी आजीपुढे तसंच मुठी आवळून वाचलं. तिने थांबवलं. “असं नाई. ‘गा’ हाय नं त्याच्यात. तो भांडून नाई रायला.” आणि तिने म्हणून दाखवलं, अगदी जसं ती दुधवाल्याला म्हणते, “काय गा, आज पानी जास्त झालं का?” तसं. हसऱ्या सुरात, अर्ध्या चेष्टेत, समोरचा आपला माणूस आहे हे धरून. ‘मी नेणें गा.’ वाक्य पूर्ण बदललं. पुण्या-मुंबईच्या मित्रमैत्रिणींना हा ‘गा’ पुस्तकात भेटतो. आमच्याकडे तो सकाळी सहाला बरणी घेऊन दारात उभा असतो. नागपूरकर असण्याचा इतका फायदा आजवर मला कुठेच झाला नव्हता.

म्हणून वाचायची पद्धत बदलली. आता आधी उतरवत नाही. आधी आजीपुढे मोठ्याने वाचते, ती सूर लावून देते, मग उतरवते. वेग निम्म्यावर आलाय. बॉलपेन वापरते, आणि वही पलंगावर, उशीखाली.

पुढचा बेत ऋद्धिपूरचा. पाऊस लागला की काटोल-वरुड-मोर्शी करत एसटीने जायचं. आजी येते म्हणते. गोविंदप्रभूंच्या लीळा वाचून ती त्यांच्या प्रेमात आहे. लोक त्यांना ‘राउळ माए, राउळ बाप’ म्हणत, हे ऐकल्यापासून रोज एकदा ते म्हणते. गुडघे दुखतात, त्यामुळे आईचा विरोध आहे. आजीने आईला सांगितलं की मी डॉक्टरला पुसलं, तो जा म्हणाला. डॉक्टर असं म्हणाला नाही, मी सोबत होते. दोन्ही लिहून ठेवलंय.