मिस्सेतलं नाव

२४ मार्च, रात्री

आज सकाळी चर्चमध्ये मिस्सेच्या उपासनेत आईचं नाव वाचलं. तिला जाऊन तीन वर्षं झाली. फादरांनी सुरुवातीला यादी वाचली, पाच-सहाच नावं. आईचं नाव आलं तशी मावशीने माझा हात घट्ट धरला आणि मिस्सा संपेपर्यंत सोडला नाही.

२४ मार्च हा संत ऑस्कर रोमेरोंचाही दिवस. घरी आल्यापासून तेच डोक्यात आहेत.

१९७७ च्या फेब्रुवारीत ते एल साल्वादोरमध्ये सान साल्वादोरचे आर्चबिशप झाले. वय एकोणसाठ. स्वभाव भिडस्त, पुस्तकांत रमणारा. हे आपल्या वाटेला जाणार नाहीत म्हणून जमीनदार खूश होते, आणि त्याच कारणासाठी गरिबांत काम करणारे फादर नाराज. तीन आठवडेही झाले नसतील, तोच त्यांचे मित्र फादर रुतिलिओ ग्रांदे यांना रस्त्यात गोळ्या घातल्या. सोबतचे एक म्हातारे गृहस्थ आणि एक मुलगाही गेला. रोमेरो त्याच रात्री तिथे पोहोचले. २० मार्चच्या रविवारी त्यांनी आपल्या धर्मप्रांतातल्या बाकी सगळ्या मिस्सा रद्द केल्या आणि कॅथेड्रलमध्ये एकच ठेवली.

त्या रात्री ते बदलले असं सगळे सांगतात. मला ते पुरतं पटत नाही. आधी सांतियागो दे मारियाला बिशप असताना कॉफीच्या मळ्यांवरचे मजूर थंडीत उघड्यावर झोपतात हे पाहून त्यांनी चर्चच्या इमारती उघडून दिल्या होत्या. पाहणं तेव्हाच सुरू झालं होतं.

मला सगळ्यात मोठी वाटते ती त्यांची रविवारची प्रवचनं. रेडिओवरून ती खेडोपाडी ऐकली जायची. त्यात ते त्या आठवड्यात कोण मारलं गेलं, कोणाला उचलून नेलं, ते नावानिशी सांगायचे. ज्या आईला मुलाचं प्रेतही मिळालं नाही, तिला निदान त्याचं नाव तरी ऐकू यायचं. सरकार म्हणे असं काही घडलंच नाही, आणि इकडे आर्चबिशप नाव घेऊन सांगत होते.

तेही रोजनिशी ठेवायचे, पण बोलून, टेपवर. शेवटची नोंद २० मार्च १९८० ची. २३ तारखेच्या रविवारी त्यांनी सैनिकांना सांगितलं की आपल्याच भावांना मारू नका, देवाच्या नावाने हा छळ थांबवा. दुसऱ्या संध्याकाळी ते राहायचे त्या कॅन्सर रुग्णालयाच्या चॅपेलमध्ये मिस्सा होती, एका वृत्तपत्राच्या मालकाच्या आईला जाऊन वर्ष झालं म्हणून. प्रवचन संपतं न संपतं तोच वेदीपाशी त्यांना गोळी लागली.

२०१८ मध्ये ते संत झाले. त्या आईच्या वर्षाची मिस्सा मात्र त्या संध्याकाळी अर्धीच राहिली.

पुढच्या वर्षी यादी देताना आईच्या खाली त्या बाईंचंही नाव लिहायचं. मावशीला उद्याच सांगते.