पोस्टग्रेस १४ ते १८: अपग्रेड झालं आणि राजगडची वाट हरवली

मंडळी, माझा गडवाटांचा डेटाबेस, म्हणजे किल्ल्यांच्या वाटांच्या नोंदी, शनिवारी रात्री एकदाचा पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या १४ व्हर्जनवरून १८ वर गेला. रविवारी सकाळी बघतो तर राजगडची पाली दरवाजाची वाट सर्चमध्ये नाही. तिचा कोड '३-१', दोन वर्षं रोज वापरात असलेला, आणि क्वेरी म्हणते शून्य रो (ओळी).

आधी अपग्रेडचं पटकन सांगतो. जुन्या उबुंटू १८.०४ (लिनक्स) च्या मशीनवरून डेटा फोल्डर जसाच्या तसा उचलून २४.०४ वर आणला आणि तिथे पीजी-अपग्रेड हे पोस्टग्रेसचं व्हर्जन बदलायचं टूल चालवलं. पहिल्याच चेकला अडलं, कारण १८ मध्ये इनिटडीबी (नवा क्लस्टर, म्हणजे सर्व्हरचा सगळा डेटा, उभा करणारी कमांड) चेकसम, म्हणजे डेटा बिघडला तर ओळखणारे आकडे, बाय डिफॉल्ट चालू करतं आणि माझ्या जुन्या क्लस्टरला ते नव्हते, दोन्हीकडे सारखं नसेल तर ते पुढे जातच नाही. नव्याला बंद करण्यापेक्षा जुना सर्व्हर नीट थांबवून पीजी-चेकसम्सने चालू करून घेतले, अर्धा तास गेला पण समाधान वाटलं. मग पोस्टजीआयएसची (पोस्टग्रेसमध्ये नकाशाचा डेटा ठेवणारं एक्स्टेंशन) १८ वाली लायब्ररी नाही म्हणून परत अडलं, ती टाकली. पॅकेजं पोस्टग्रेसच्या स्वतःच्या ॲप्ट रेपोतूनच (पॅकेजं मिळण्याचं ठिकाण) घ्या, जुनी नवी दोन्ही व्हर्जन शेजारी शेजारी सुखाने राहतात. आणि १८ ची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे प्लॅनरचे स्टॅटिस्टिक्स (क्वेरी कशी चालवायची हे ठरवायला लागणारे डेटाचे अंदाज) आता अपग्रेडमध्ये सोबत येतात! आधी अपग्रेडनंतर ॲनालाइझ कमांडने ते नव्याने गोळा होईपर्यंत नकाशा रडतखडत उघडायचा, या वेळी पहिल्या क्वेरीपासून पळाला.

आता त्या '३-१' कडे. रो डिलीट झाली असं वाटून बॅकअप उघडला, त्यात आहे. लाइक (अर्धवट जुळणी) लावून '%-१' शोधलं तर सापडते, बरोबर-चिन्ह लावलं की गायब. इथे दुपार गेली. शेवटी इंडेक्स स्कॅन आणि बिटमॅप स्कॅन, म्हणजे इंडेक्स (पटकन शोधायची सूची) वापरायच्या पद्धती, दोन्ही बंद करून तीच क्वेरी मारली आणि रो समोर, तेव्हा जीव भांड्यात पडला. म्हणजे डेटा शाबूत आहे, इंडेक्स खोटं बोलतोय. ॲमचेक हे इंडेक्स तपासणारं एक्स्टेंशन टाकून बीट्री (क्रमाने रचलेला झाडासारखा इंडेक्स) तपासला तर सरळ 'आयटम ऑर्डर' मोडलाय अशी एरर.

कारण पोस्टग्रेस १८ नाहीच, जीलिबसी आहे, म्हणजे लिनक्सची मूळ लायब्ररी, जिच्या नियमांनी माझा पोस्टग्रेस अक्षरं क्रमाने लावतो. १८.०४ वर २.२७ होती, २४.०४ वर २.३९, आणि मध्ये २.२८ मध्ये सॉर्टिंगचे नियम मोठ्या प्रमाणात बदलले. जुनीकडे '११' आधी आणि '१-१' नंतर यायचं, नवीकडे बरोबर उलटं. बीट्री जुन्या क्रमाने रचलेला, शोधणारा नव्या क्रमाने चालतो, मग चुकीच्या फांदीवर जाऊन रिकाम्या हाताने परत येतो. पीजी-अपग्रेड इंडेक्स नव्याने बांधत नाही, आहे तसा पुढे नेतं. डेटाबेसच्या कोलेशनची (अक्षरं क्रमाने लावायचे नियम) व्हर्जन नोंदवणं पोस्टग्रेस १५ पासून आलं, माझा १४ चा, त्यामुळे वॉर्निंगसुद्धा नाही. तुमच्यापैकी कोणी असाच फोल्डर उचलून नेला असेल तर आजच ॲमचेक चालवा, खरंच.

रीइंडेक्स (इंडेक्स नव्याने बांधणं) मारला तर तोही फेल, डुप्लिकेट की, म्हणजे एकच कोड दोनदा. रात्री जीपीएक्स (जीपीएस ट्रॅकच्या फाइल) इंपोर्टचा क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, चालला होता, त्याच्या अपसर्टला (रो असेल तर बदल, नसेल तर घाल) जुनी रो दिसली नाही म्हणून त्याने दुसरी घातली, आणि युनिक इंडेक्सने ती घेतलीसुद्धा. अशा ४६ वाटा निघाल्या. ग्रुप बाय करून एकेक जोडी डोळ्याने बघितली, कारण काहींमध्ये नव्या रोवर पाण्याच्या टाक्यांच्या ताज्या नोंदी होत्या, त्या घालवायच्या नव्हत्या. पहाटे दोनला रीइंडेक्स गेला, ॲमचेक गप्प. '३-१' टाकलं, पाली दरवाजा आला. फार बरं वाटलं.

इथेच थांबणार होतो, पण लिहिता लिहिता वाटतंय की क्रम लावायला जीलिबसीवर राहायचंच कशाला. १७ पासून बिल्ट-इन प्रोव्हायडर (क्रमाचे नियम पोस्टग्रेसच्या आतच) आलाय, त्यातला सी-यूटीएफ-८ लोकेल ऑपरेटिंग सिस्टिमवर अवलंबूनच नाही. कोड, फाइलनावं सगळं त्यावर. फक्त नावांना तो चालणार नाही, कारण तो युनिकोडच्या क्रमाने लावतो, तिथे ळ हा ल च्या लगेच नंतर, म्हणून माळशेज आधी आणि माहुली नंतर येतं. आपल्या वर्णमालेत ळ ह नंतर. म्हणून गडांच्या नावाच्या कॉलमला आयसीयू या युनिकोड लायब्ररीचं मराठी कोलेशन. आयसीयूचंही व्हर्जन बदलेल कधीतरी, पण त्याची वॉर्निंग येते आणि मग दोनच इंडेक्स बांधायचे. आत्ता टेस्ट टेबलवर करून बघितलं: कसारा, कळसूबाई, माहुली, माळशेज. हाच क्रम हवा होता मला इतकी वर्षं!

प्रोव्हायडर बदलायचा म्हणजे नवा डेटाबेस करून डंप-रिस्टोअर (सगळा डेटा बाहेर काढून नव्यात परत भरणं). म्हणून १८ मधल्या एसिंक्रोनस आयओच्या (डिस्क वाचून होईपर्यंत न थांबणं) टेस्ट, वर्कर विरुद्ध आयओ-युरिंग या त्याच्या दोन पद्धतींच्या, ज्या या वेळी टाकतो म्हणालो होतो, त्या पुढे ढकलतोय. ट्रॅकपॉइंटचं टेबल तीन कोटी रोचं आहे, त्याचा डंप आत्ता चालू केलाय, आणि इंपोर्टचा क्रॉन या वेळी आधी बंद केलाय.