दानपेटीतली नोट आणि विमान

ख्रिस्ताच्या सुवार्तेच्या सेवेसाठी मी नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून अधूनमधून प्रवास करतो आणि त्यात मला वावगे वाटत नाही, कारण रेल्वेतले दोन दिवस वाचले की आजाऱ्याच्या उशाशी तेवढाच अधिक वेळ बसता येते. मात्र २०१८ मध्ये अमेरिकेतील उपदेशक जेसी डुप्लांटिस यांनी सुमारे ५.४ कोटी डॉलरच्या खासगी विमानासाठी भाविकांकडे मदत मागितली, हे मला आजही सलते. आमच्या मंडळीतली एक म्हातारी पदराची गाठ सोडून दहाची चुरगळलेली नोट दानपेटीत टाकते. त्या नोटेवर माझा हक्क साध्या तिकिटापुरताच आहे. येशूचा प्रेषित पौल तंबू शिवून पोट भरत असे, आणि आमच्या नागपूरचे एकोणिसाव्या शतकातले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप तर घोड्यावरून खेडोपाडी हिंडत.