दिल्लीत उतरल्यावर: टर्मिनल, मेट्रो आणि पायपीट

दिल्लीला निघालेल्या परिचितांना मी पहिला प्रश्न विचारतो तो हॉटेलचा नव्हे, तर विमान कोणत्या टर्मिनलवर उतरणार याचा. टर्मिनल २ आणि ३ एकमेकांना लागून आहेत. टर्मिनल १ मात्र काही किलोमीटर दूर, वेगळ्या रस्त्यावर असून तेथील मेट्रोही वेगळी आहे. पुण्या-मुंबईहून येणारी विमाने कंपनीनुसार, कधीकधी तर एकाच कंपनीची असूनही, वेगवेगळ्या टर्मिनलवर उतरतात, त्यामुळे तिकिटावरचा तो आकडा नीट वाचून घ्यावा.

टर्मिनल ३ मधून निघणारी एअरपोर्ट एक्सप्रेस ही नारिंगी मार्गिका फेब्रुवारी २०११ मध्ये सुरू झाली. ती सुमारे वीस मिनिटांत नवी दिल्ली रेल्वे स्थानकाच्या अजमेरी गेट बाजूस नेऊन सोडते. पहाडगंज रेल्वे रुळांच्या पलीकडे आहे, हे तेथे खोली घेतलेल्यांना बहुधा सामान हातात घेऊन जिन्यापाशी उभे राहिल्यावरच कळते. ज्यांना कॅनॉट प्लेस किंवा कोपर्निकस मार्गावरचे जुने महाराष्ट्र सदन गाठायचे आहे त्यांनी शेवटपर्यंत न जाता अलीकडच्या शिवाजी स्टेडियम स्थानकावर उतरावे आणि रिक्षा करावी. पुढे नवी दिल्ली स्थानकावरून पिवळी व मग निळी मार्गिका बदलत सदनाजवळच्या मंडी हाउसला जाता येते, पण राजीव चौकाच्या गर्दीत मोठी बॅग ओढण्यापेक्षा रिक्षाचे पैसे परवडतात, असे माझे मत आहे.

विमानातून उतरून गोवा एक्सप्रेससारखी हजरत निजामुद्दीनहून सुटणारी गाडी पकडायची असेल, तर नारिंगी मार्गिकेवर धौला कुआँला उतरून गुलाबी मार्गिका घ्यावी लागते. ही दोन स्थानके सव्वा किलोमीटरच्या आसपास लांबीच्या पादचारी पुलाने जोडली आहेत. मधूनमधून सरकते पट्टे आहेत, खाली रिंग रोडवरची वाहतूक दिसत राहते, आणि बॅगेचे एक चाक जरी कुरकुरत असले तरी तो पूल संपता संपत नाही. पलीकडच्या स्थानकाचे नाव दुर्गाबाई देशमुख साउथ कॅम्पस. या दुर्गाबाई म्हणजे चिंतामणराव देशमुखांच्या पत्नी. त्याच गाडीने पुढे गेल्यावर विनोबापुरी लागते. शिवाजी स्टेडियम धरले तर मराठी माणसाला ओळखीची वाटणारी तीन नावे या दोन मार्गिकांवर भेटतात.

टर्मिनल १ वरून मात्र मॅजेंटा मार्गिका मिळते (तिचा हा टप्पा २०१८ मध्ये सुरू झाला), आणि दक्षिण दिल्लीत काम असणाऱ्यास तिच्याइतकी सोय दुसरी नाही. मुनिरका, आयआयटी, हौज खास अशी स्थानके ओळीने येतात. हौज खासला पिवळ्या मार्गिकेत बसले की केंद्रीय सचिवालय, राजीव चौक, चांदनी चौक आणि थेट जीटीबी नगरपर्यंत पुन्हा गाडी बदलावी लागत नाही. स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी मुखर्जीनगरला जाणाऱ्या आपल्याकडच्या मुलांसाठी जीटीबी नगर हेच जवळचे स्थानक आहे. त्याच तयारीसाठी राजिंदर नगरला जाणाऱ्यांनी राजीव चौकात निळ्या मार्गिकेवर बदल करून करोल बाग किंवा राजेंद्र प्लेस गाठावे.

मध्यरात्री विमान उतरले तर मेट्रो बंद असते. अशा वेळी बाहेर गाठ पडणाऱ्या दलालांशी घासाघीस करण्यापेक्षा प्रीपेड टॅक्सीची पावती घ्यावी.

शहरात फिरताना स्मार्ट कार्ड घेतल्यास तिकिटाची रांग वाचते, पण बॅग तपासणीची रांग कोणालाच चुकत नाही. सकाळी कार्यालयाच्या वेळेस त्यासाठी चांगली पंधरा मिनिटे हाताशी ठेवावीत. ल्युटेन्सच्या, म्हणजे नवी दिल्लीतल्या सरकारी बंगल्यांच्या भागात नकाशावर जवळ दिसणारे अंतर गोलचक्करांमुळे आणि लांबलचक भिंतींमुळे चालताना वाढते, म्हणून तेथे, विशेषतः मे महिन्यात, पायी जाण्याचा हट्ट धरू नये. जुन्या दिल्लीत नेमके उलट करावे: चांदनी चौकाच्या मुख्य रस्त्यावर लाल किल्ल्यापासून फतेहपुरीपर्यंत सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना बंदी आहे, तेव्हा लाल किला स्थानकावर उतरून चालत निघावे आणि पाय दुखू लागले तर सायकल रिक्षात बसावे, मात्र भाडे बसण्याआधीच ठरवून घ्यावे.