खडेबाजारात, बंद गाडीतला पग

बेळगावची हवा थंड, असं आपण इतक्या सहज म्हणतो की दोन मिनिटं म्हणून गाडीत कुत्रं ठेवून जाणाऱ्याला त्यात वावगं काहीच वाटत नाही. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी २००५ साली मोजून दाखवलं होतं, की बाहेर जेमतेम २२ अंश असले तरी उन्हातल्या बंद गाडीत तासाभरात सरासरी आणखी २२ अंशांची भर पडते. त्यातली बहुतेक पहिल्या अर्ध्या तासातच. काच बोटभर खाली ठेवूनही फारसा फरक पडत नाही. आणि आमच्याकडे तर तेव्हा एप्रिल होता.

लग्नसराईमुळं खडेबाजार नुसता फुलला होता. एमएच-०९ पासिंगची गाडी, म्हणजे कोल्हापूरकडची मंडळी बस्ता बांधायला आलेली. मागच्या सीटवर पग. जीभ लांब लोंबलेली, टोकाला रुंद झालेली, हिरड्या लालभडक, चिकट लाळेची तार सीटपर्यंत. काचेवर टकटक केलं तर त्यानं मानही वळवली नाही. कुत्र्याला घाम जवळजवळ फक्त पंजांना येतो, बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. चपट्या नाकाच्या पगाला तेही धड जमत नाही.

आधी नंबर प्लेट आणि कुत्रं दोन्ही दिसतील असा व्हिडिओ घेतला. काच फोडायची वेळ आलीच तर पुरावा हवा. मग ११२ लावला. मराठी-कन्नड मिसळून बोललो, समोरच्या बाईंना सगळं कळलं. शेजारच्या शहाळेवाल्यानं पोराला दुकानं पालथी घालायला पिटाळलं. तो प्रत्येक दारात ओरडत होता, "कोल्हापूरची गाडी कुणाची वो? ई गाडी यारदु री?" अशा वेळी एकानं कुत्र्यापाशी थांबावं आणि दुसऱ्यानं मालक शोधावा, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

पोलीस पोचायच्या आत साडीच्या दुकानातून नवरा-बायको धावत आले. "अहो, काच उघडी ठेवली होती की!" बाईंचा चेहरा पांढराफटक. त्यांना काही बोलायची ती वेळच नव्हती. पगाला सावलीत घेतलं आणि अंगावर साधं गार पाणी ओतायला लागलो. पोट, काखा, पंजे, सगळीकडे. शहाळेवाला पुठ्ठ्यानं वारा घालत होता. कुणीतरी ओला टॉवेल गुंडाळायला आणला, तो मी बाजूला ठेवला, कारण गुंडाळलेला टॉवेल लगेच तापतो आणि अंगातली उष्णता अडवून धरतो. पाणी घशात ओतायचं नाही, वाटी पुढं ठेवायची. थोड्या वेळानं त्यानं स्वतःच दोनदा जीभ लावली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

अंग जरा निवल्यावर एसी लावून टिळकवाडीकडच्या डॉक्टरांकडे नेलं. ११२ला मालक सापडल्याचं वाटेतच कळवलं. निरोगी कुत्र्याचं तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असतं, याचं इतकं पाणी ओतूनही ४० च्या वर होतं. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि मालकांना बजावलं, "आता उभा राहिला म्हणून निर्धास्त राहू नका. किडनीचा त्रास दोन-तीन दिवसांनीही दिसतो. उद्या कोल्हापुरात रक्त तपासून घ्या. लघवी कमी वाटली, उलटीत नाहीतर शी मध्ये रक्त दिसलं, तर रात्र असली तरी थांबू नका."

बाईंनी ते सगळं साडीच्या पावतीमागं लिहून घेतलं.