माळावरचं लग्न: सोलापूरभोवती जागा शोधताना

मंगल कार्यालय नको, बँड नको, जेवणावळी नकोत, हे आमचं आधीच ठरलं होतं. आम्ही दोघं, दोन्हीकडचे आईबाबा, साक्षीदार म्हणून मित्रमंडळी आणि वर उघडं आभाळ. घरच्यांनी हो म्हटल्यावर राहिला जागेचा प्रश्न. ज्याला विचारावं तो महाबळेश्वर नाहीतर ताम्हिणी सांगायचा. पण आम्ही दोघंही सोलापूरचे. जन्म गेला तो माळ पाहत, आणि लग्न मात्र परक्या धुक्यात लावायचं, हे मनाला पटेना. म्हणून डिसेंबरात सुट्टी मिळेल तशी गाडी काढली आणि आपल्याच भागात फिरलो.

सगळ्यात आधी नान्नज. बार्शी रस्त्यावर वीसेक किलोमीटरवर माळढोक अभयारण्य आहे, १९७९ साली जाहीर झालेलं. उजाडायच्या आत पोचलो. गवत पिवळं पडलेलं, त्यावर दव. काळविटांचा कळप चरत होता आणि काळाकुळीत नर मान वर करून आमच्याकडे पाहत उभा होता. हिवाळ्यात येणारा भोवत्या हा शिकारी पक्षी गवताच्या शेंड्यांना पंख लागतील इतक्या खालून उडत गेला. माळढोक दिसला नाही. तो आता फार क्वचित दिसतो. तरी इतकी सुंदर सकाळ मी सोलापूर जिल्ह्यात दुसरीकडे पाहिलेली नाही.

आणि तरीही तिथे लग्न लावायचा विचार आम्ही सोडला. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही आणि वन्यजीव कायद्याने तिथे आग पेटवायला, कचरा टाकायला मनाई आहे, म्हणजे होमाचा प्रश्नच मिटला. पण कायदा बाजूला ठेवला तरी माळढोक उघड्या जमिनीवर एकच अंडं घालतो. चंडोल, धाविक यांची घरटीही जमिनीवरच. पंधरा माणसं फोटोसाठी गवतात पसरली की काय तुडवलं जाईल ते कळणारही नाही. नान्नजला जरूर जा, परवानगी काढून, पाहुण्यासारखे. लग्न तिथे नको.

नळदुर्ग लवकर आटोपला. किल्ला धाराशिव जिल्ह्यात असला तरी सोलापूरहून हैदराबाद रस्त्याने तासाभरात पोचता येतं. बोरी नदीवरचा बांध आणि त्यातला पाणी महाल थक्क करतो. मात्र नर-मादी धबधबे पाहायचे तर पावसाळ्यात जावं लागतं आणि तेव्हा गर्दी मावत नाही. डिसेंबरात निवांतपणा मिळतो, पण धबधबे नसतात.

उजनी धरणाच्या फुगवट्याचं आकर्षण मोठं आहे. पाणी ओसरत जातं तसा काठ उघडा पडतो आणि रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. पण कालचा काठ आज तिथेच असेल असं नाही. पाणी मागे सरलेल्या जागी वरून कोरडी, भेगाळलेली दिसणारी माती आतून गाळ असते. मी काठी रोवून पाहिली तर ती हातभर आत गेली. नऊवारी नेसलेल्या मावशीला तिथून चालवायची माझी तरी हिंमत नाही. होडीतून फोटो काढायचे असतील तर सकाळीच काढा आणि लाइफ जॅकेट अंगात असू द्या. मे २०२४ मध्ये याच पाण्यावर वादळी वाऱ्याने प्रवासी बोट उलटून सहा जणांचा जीव गेला.

मग हत्तरसंग कुडल. विजापूर रस्त्याने निघून मंद्रूपच्या पुढे आत वळायचं. इथे भीमा आणि सीना भेटतात. संगमेश्वराच्या मंदिरात शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. तो जो वाचेल तो विजयी होईल, असा त्याचा आशीर्वाद. जवळच शेकडो मुखं कोरलेलं शिवलिंग आहे. लग्नाच्या दिवशी जावं अशी जागा हीच, हे आम्हा दोघांना न बोलता कळलं. विधी मात्र मंदिराच्या आवारात किंवा नदीच्या पात्रात नको. मंदिर जुनं, जपायचं. आणि उजनीतून पाणी सोडलं की पाऊस नसतानाही भीमेचं पाणी चढतं. पात्रात नुसतं उतरणार असाल तरी आधी गावात चौकशी करा.

शेवटी जागा मिळाली ती त्याच भागात, ओळखीच्या काकांच्या शेताला लागून असलेला त्यांचाच पडीक माळ. दोन बाभळी, थोडी तरवड, एका अंगाला हिरवीगार ज्वारी, आणि क्षितिजापर्यंत काहीही नाही. मालकीचा माळ असला की कुणाच्या परवानगीसाठी हेलपाटे नाहीत. तरी सातबारा पाहून घ्या, कारण दिसायला पडीक असलेली जमीन गायरान निघू शकते, आणि मग ग्रामपंचायतीत जावं लागतं. मेंढरं कुठल्या वाटेने जातात तेही विचारा. धनगरांची कुत्री अनोळखी माणसं पाहून धावून येतात, आणि मुळात ती वाट त्यांची आहे.

आता कायद्याचं. माळावर शपथ घेतली म्हणजे नोंदणी होत नाही. विशेष विवाह कायद्यानुसार लग्न करायचं असेल तर दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य लागतं, नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबावं लागतं आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न लावावं लागतं. साक्षीदार तीन. जादा फी भरून विवाह अधिकाऱ्यांना वाजवी अंतरावरच्या जागी बोलावण्याची सोय कायद्यात आहे, पण आम्ही कार्यालयातच सह्या करून मग माळावर गेलो. ते सोपं पडतं. विधी सत्यशोधक पद्धतीने केला, होम नाही, नुसत्या शपथा आणि फुलं. सुकलेल्या गवतात ठिणगी नको, हेही त्यामागे होतंच.

एक गोष्ट कळकळीने सांगते. घरून विरोध असेल आणि जिवाची भीती असेल, तर निर्जन जागा अजिबात निवडू नका. नोटीस कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावली जाते, हेही लक्षात ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये शक्तिवाहिनी प्रकरणात अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष असावा असा आदेश दिला आहे. आधी वकील आणि पोलीस संरक्षण, माळ नंतर कधीही आहेच.

दिवस निवडताना डिसेंबर ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा धरा. मार्चपासून ऊन सोसत नाही, आणि आपल्याकडे खरा पाऊस सप्टेंबरात, तेव्हा काळ्या मातीत गाडी रुतते. संक्रांतीचा आठवडा मात्र टाळा. गड्ड्याची यात्रा असते, भोगीला संमती कट्ट्यावर सिद्धेश्वरांचा अक्षता सोहळा असतो, आणि शहरात लॉजही मिळत नाही. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. साडेनऊपर्यंत सगळं उरकलं तर उजेडही छान मिळतो आणि वाराही सुटलेला नसतो.

कुसळांना कमी लेखू नका. मी आईची इरकल नेसले होते. दहा पावलं चालले तर काठाला बोटभर लांबीची कुसळं रांगेने टोचून बसली. ती ओढली की धागा निघतो. टोकाकडून धरून, आली त्याच दिशेने पुढे सरकवत काढायची. त्यापेक्षा उभं राहायची जागा आदल्या दिवशी विळ्याने कापून घ्या, खाली ताडपत्री आणि वर सोलापुरी चादर. पायात बूट, चपला फक्त फोटोपुरत्या.

जेवण घरूनच नेलं: कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, शेंगापोळी. काकांनी बांधापलीकडे, नांगरलेल्या रानात, गवतापासून लांब आगटी पेटवून हुरडा भाजला. पाण्याचे जार माणशी तीन लिटरच्या हिशेबाने न्या आणि रिकामे परत आणा. अक्षता म्हणून ज्वारी वापरा, रंगीत कागद किंवा थर्माकोलचे मणी नकोत. ज्वारी पाखरं टिपून नेतात.